सुटले म्हणाली

मोठीला तोंड नाही, असं तिच्या घरातले सगळे सांगतात. सांगतात ते कौतुकाने. काय शांत बाई आहे, कधी हूं नाही की चूं नाही, जे वाढून ठेवाल ते मुकाट्याने घेते. शांत कसली डोंबलाची! तोंड होतं तिला, चांगलं चालतं-बोलतं होतं. ते याच लोकांनी शिवून टाकलं आणि आता टाके किती बारीक पडलेत म्हणून माना डोलावतायत. अशा माणसांच्या हातचा चहा घ्यायचीसुद्धा किळस यावी.

मोठी म्हणजे घरातली मोठी सून. तिच्या धाकट्या दिराची बायको ती धाकटी. दोन मजल्यांचं घर, वर मोठीचा संसार, खाली धाकटीचा, आणि सासरे दोन्हीकडे जेवून दोन्हीकडे नावं ठेवणारे. एक नणंद, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलेली, पण कान मात्र माहेरीच विसरून गेलेली. एवढीच माणसं. यापेक्षा जास्त लागतच नाहीत, एखाद्याची बोलती बंद करायला एवढी पुरतात.

दोघी जावा एकाच लाँड्रीत कामाला. मोठी आधी लागली आणि मग मुकादमाच्या मागे लागून तिने धाकटीलाही चिकटवून घेतलं. ही गल्लीतली शर्ट-पँटची लाँड्री नव्हे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी इथे गाड्या भरभरून येतात. कोणाकोणाच्या अंगाखालच्या, आणि कशाकशाने भरलेल्या, ते विचारू नका. आत ब्लीचचा वास डोळ्यांत जातो, वाफेने भिंती कायम घामेजलेल्या. या दोघी घडीवर होत्या. घडीचं काम एकटीचं नाही. चादर मोठी असते, दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. दिली की खाली वाकून मधली घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. लांब जायचं, जवळ यायचं, बोटाला बोट लागायचं. अशा कामात माणूस बोलल्यावाचून राहील कसा? लांब असताना भाजीपाल्याच्या गप्पा आणि जवळ आल्यावर मनातलं, अशी त्यांची रीतच पडली होती. धाकटी सुरुवातीला नवऱ्याच्या रागीटपणाचं सांगायची, मोठी ऐकायची. ऐकायची आणि चादरीच्या घडीबरोबर तिथेच ठेवून यायची. वरच्या मजल्यावर त्यातलं अक्षर कधी चढलं नाही.

याच दिवसांत मोठीच्या आईने अंथरूण धरलं. भावाच्या घरी जागा नव्हती. म्हणजे जागा होती, भावजयीच्या मनात नव्हती. मग मोठीने आईला आपल्याकडे आणलं. सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं, नवऱ्याने 'बघ तुला झेपत असेल तर' असं म्हणून हात झटकले, आणि आई आतल्या खोलीतल्या पलंगावर पडली ती पडलीच. पुढची वर्षं मोठीने कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. लाँड्रीत परक्यांच्या चादरी, घरी आईच्या. पाठीच्या जखमा पुसायच्या, कूस बदलायची, भरवायचं, भरवलेलं उलटून पडलं की पुन्हा भरवायचं. आईचा आवाज गेला होता, पण हात चालत होता. उशाशी स्टीलचा पेला असायचा आणि त्यावर ती चमच्याने ठोकायची. टण टण टण. मोठी कपात चहा ओतायची आणि टण. तोंडाला कप लावायची आणि टण. परत येईपर्यंत चहाचं पाणी झालेलं. आईवर जीव होता तिचा, त्यात शंका नको. पण जीव असला म्हणून चमचा कमी वाजतो असं नाही.

मग एके दिवशी आई गेली. माणसं जमली, आणि जमलेली माणसं जे म्हणतात तेच म्हणाली. सुटली बिचारी. फार भोगलं हो, सुटली. भावजयसुद्धा डोळ्यांना पदर लावून 'आई सुटल्या' म्हणाली, जिने त्यांच्या अंगावरची चादर कधी उचलून पाहिली नव्हती. मोठी सगळ्यांना मान हलवत होती. तिच्या पोटात मात्र भलतंच काही चाललं होतं, आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला घास गिळवेना.

कामावर परतली त्या दिवशी तिने ते धाकटीला सांगितलं. चादर अर्धी झाली होती, दोघी जवळ आल्या होत्या, बोटं एकमेकींत होती. मोठी म्हणाली, "खरं सांगू? लोक म्हणतात आई सुटली. पण मी सुटले गं. आज सकाळी चहा गरम प्यायले. अख्खा कप. आणि बरं वाटलं. मला बरं वाटलं गं."

बस, एवढंच. एका वेलांटीच्या जागी एक मात्रा. सुटली आणि सुटले. आणि त्या मात्रेखाली एक बाई किती वर्षं वाकून उभी होती, ते ऐकणारीला कळलंही. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. धाकटीने तिचा हात घट्ट धरला, तिच्याच डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणाली, असं वाटणारच ताई, तुम्ही काय कमी केलंत का? मोठीला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी ती चार चादरी जास्त काढेल असं मुकादमाला वाटलं असणार.

आता गंमत ऐका. रविवारी नणंद आली. चपला काढता काढता तिने हसून विचारलं, काय वहिनी, सुटलात म्हणे. मोठीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो पडला वगैरे नाही, तसं गोष्टीत होतं. तिने पाणी ओतलं, नणंदेला दिलं आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

हे कसं झालं, ते तिला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. धाकटीने आपल्या नवऱ्याला सांगितलं, उशीवर डोकं टेकता टेकता, ताईंची दया येऊन. कुणाला सांगू नका म्हणाली. दिराने ते बहिणीला सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणून. बहिणीने आपल्या भावाला, म्हणजे खुद्द मोठीच्या नवऱ्याला सांगितलं, तेही 'तुला म्हणून सांगते' या बोलीवर. यात दुष्ट कोणीच नाही, हेच तर ओकारी आणणारं आहे. एखाद्याने दावा साधला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे प्रत्येकाने मायेने सांगितलं, शपथ घालून सांगितलं आणि बोटं चाटत सांगितलं. दुसऱ्याचं दुःख म्हणजे जणू ताटात आलेला पदार्थ, स्वतः एक घास घ्यायचा आणि पुढे सरकवायचा. षट्कर्णी झालं की गुपित राहत नाही म्हणतात. इथे कान मोजायला बसलं तर बोटं संपतील.

आणि मग तो शब्द घराने पाळला, कुत्र्याचं पिल्लू पाळावं तसा. पाहुणे गेले की नवरा बायकोसारखा आवाज काढून 'सुटले गं बाई' म्हणायचा आणि सगळे खो खो हसायचे. परीक्षा संपवून धाकटीचा पोरगा घरात शिरला की 'सुटले'. दाढ काढून आलेले सासरे तोंडात कापूस धरून 'सुटले'. नणंद तर कप पुढे करून मुद्दाम विचारायची, चहा गरम आहे ना हो वहिनी? मोठी एकदा चिडली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तर नवरा म्हणाला, अगं, आपल्याच माणसांत आहोत आपण, चेष्टासुद्धा करायची नाही का? घ्या! ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे हात शेकून घेतात.

चेष्टा परवडली, पण शहाणपण नको. ही गोष्ट लाँड्रीतही पोचली. मुकादमाने तिला बाजूला घेऊन समजावलं की असे वाईट विचार मनात आणू नयेत, सकाळी उठून चालायला जावं. इस्त्रीच्या रोलरवरची बाई म्हणाली, तुझं काय घेऊन बसलीस, माझ्या सासूने तर मला याच्या दुप्पट रडवलं, आणि मग पुढची सगळी दुपार सासूचीच झाली. भावाचा फोन आला. बहिणीला आई जड झाली होती हे ऐकून त्याला फार वाईट वाटलं होतं. आधी बोलली असतीस तर काहीतरी केलं असतं, म्हणाला. मोठीने फोन ठेवला आणि आईचा तो पेला मोरीत घासायला घेतला. घासून घासून त्याचा तळ चकचकीत केला आणि माळ्यावर टाकून दिला.

त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. भांडली नाही, रुसली नाही, धाकटीला जाबही विचारला नाही. फक्त बोलायचं बंद केलं. म्हणजे बोलायची, पण कसं? भाजी संपली, बिल आलं, पाऊस येईलसा वाटतो. कोणी 'कशी आहेस' विचारलं की 'मजेत'. आत काय आहे ते विचारायची पद्धतच नसते, त्यामुळे कोणाला कळलंही नाही. उलट मोठी किती शांत झाली म्हणून घर खूश.

कठीण होतं ते लाँड्रीत. कारण चादर तर दोघींनाच धरायची होती. जोडी बदलून द्या, असं मुकादमाला सांगायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगणं म्हणजे पुन्हा तेच. तेव्हा दोघी रोज समोरासमोर उभ्या राहायच्या. लांब जायच्या, जवळ यायच्या, बोटाला बोट लागायचं. शब्द दोनच उरले होते, 'धर' आणि 'सोड'. आणि खरं सांगायचं तर मोठी रोज जवळ येताना वाट बघायची. तिला काही मोठं नको होतं. धाकटीने एकदा, चादरीआड का होईना, 'माझं चुकलं ताई' म्हणावं, बस. एवढ्यावर ती सगळं विसरली असती. कारण तिला बोलायला दुसरं माणूसच नव्हतं. होती ती ही एकच, आणि हिनेच घालवलेली. ती वाट बघत राहिली आणि धाकटी टोकं तिच्या हातात देऊन खाली वाकत राहिली. धाकटीला कळत नव्हतं असं नाही. पण चूक कबूल करायची तर आपण ऐकलेलं विकलं, हे तोंडाने म्हणावं लागतं. ते कोणाला जमतं?

पुढे सासऱ्यांचं एक अंग लुळं पडलं. आता त्यांचा पलंग कोणाकडे, यासाठी सगळे खालच्या खोलीत बसले. रीतीने मोठ्या मुलाकडे जायचा. तसं मोठी म्हणालीही, माझ्याकडे आतली खोली रिकामी आहे, मला सवय आहे. तर नणंद हसली. म्हणाली, "नको हो वहिनी, तुमच्याकडे नको. तुम्हाला सुटायची फार घाई."

सगळे हसले. नवराही हसला. आजारी सासरेसुद्धा अर्ध्या तोंडाने हसले. एकटी धाकटी हसली नाही, कारण मोठीला नाही म्हटलं तर पलंग कोणाकडे येणार, ते तिला त्या हसण्यातच कळलं होतं. तिने मोठीकडे पाहिलं. मोठीने कपबश्या उचलल्या. तिला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला आनंद होईल. झाला नाही. तोंडात कडू चव आली फक्त, शिळ्या दुधासारखी, आणि ती पाण्याने जाईना.

तर म्हातारा धाकटीकडे पडला. दिवसा दीर सांभाळायचा, म्हणजे शेजारच्या खोलीत टीव्ही बघायचा. धाकटी कामावरून आली की तिथून पुढे सगळं तिचं. म्हातारबुवांचा आवाज शाबूत होता, त्यामुळे चमचा-पेल्याची गरज पडली नाही. त्यांनी 'ए' अशी आरोळी ठोकली की जिन्यातली मांजर पळायची. मोठी न बोलता खाली जायची आणि भरलेल्या चादरी वर नेऊन धुऊन आणून द्यायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं. धाकटीही आभार मानायची नाही, चादर घ्यायची आणि दार लोटायची. दिवसेंदिवस तिच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. लाँड्रीत चादर धरून जवळ आली की ती तोंड उघडायची. मोठीला दिसायचं. त्या उघडलेल्या तोंडात काय आहे तेही तिला ठाऊक होतं, तिच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? पण मोठी म्हणायची, "धर नीट." आणि तोंड मिटायचं.

म्हातारा गेला तो पहाटे, झोपेत. सकाळपर्यंत माणसं जमली, शेजाऱ्यांकडून खुर्च्या आल्या. आणि सुरू झालं. सुटले बिचारे. बाबा सुटले हो. फार हाल चालले होते, एका परीने सुटले. दीर म्हणाला सुटले. नवरा म्हणाला सुटले. नणंद हुंदके देत, नाक पुसत, प्रत्येक नव्या माणसाला दारातच गाठून सांगत होती, सुटले. मोठी भिंतीशी उभी राहून ऐकत होती. बाई गेली की सुटली, मान द्यायचा म्हातारा गेला की सुटले. तोच शब्द, तीच मात्रा, जिच्यावर या घराने इतकी वर्षं करमणूक करून घेतली. आज तो सगळ्यांच्या तोंडातून राजरोस बाहेर पडत होता आणि कोणाला हसू येत नव्हतं. यातला कोण म्हाताऱ्याबद्दल बोलतोय आणि कोण स्वतःबद्दल, हे कोणी विचारणार नव्हतं. दिराचा चेहरा तर लॉटरी लागल्यासारखा सैल पडला होता. सगळे त्या शब्दाआड आपापलं लपवून बसले होते. उघड्यावर पडली होती ती मोठी एकटी, का, तर तिने तो स्वतःसाठी वापरला आणि खरा वापरला. मोठीला इतकी शिसारी आली की ती तिथून आत गेली.

आत स्वयंपाकघरात धाकटी एकटी उभी होती. हातात चहाचा कप, दोन्ही हातांनी धरलेला. कपातून वाफ येत होती. ती घाईघाईने पीत नव्हती, एकेक घोट घेत होती, डोळे मिटून. पावलं ऐकून ती दचकली आणि चोरी पकडल्यासारखा कप तिने ओट्यावर ठेवला. दोरीवर म्हाताऱ्याच्या पलंगावरची चादर होती, मोठीनेच आदल्या दिवशी धुतलेली. काहीतरी करायचं म्हणून मोठीने ती ओढली. धाकटीने न सांगता दोन टोकं धरली. झटका दिला. लांब गेल्या, कोपऱ्याला कोपरा लावला, जवळ आल्या. बोटाला बोट लागलं. धाकटीने टोकं दिली, पण हात सोडला नाही.

"सुटले, ताई," ती हळूच म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाहिलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं की हे सासऱ्यांबद्दल नाही. आणि त्यात ते 'माझं चुकलं'ही होतं, ज्याची मोठीने चादरीमागून चादर वाट पाहिली होती. तेही कळलं तिला. तिच्याजवळ उत्तर तयार होतं, किती काळ तयार होतं. 'माहितीये गं मला.' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. आणि तिथेच तिला दिसली उशी, उशीवर टेकलेली डोकी, दारात चपला काढणारी नणंद.

"हो," मोठी म्हणाली. "सुटले बिचारे. सगळे तेच म्हणतायत."

धाकटीने हात सोडला.

"हो ना," ती म्हणाली. "तेच म्हणत होते मी."

आणि खाली वाकून तिने मधली घडी उचलली. तिचा चेहरा मिटला तो मोठीने अगदी समोरून पाहिला. आपला कसा मिटला असेल, ते तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं. तीच शिळ्या दुधाची चव पुन्हा तोंडात आली. या वेळी ती बाहेरच्यांची नव्हती, तिची स्वतःची होती. जन्मभर ज्यांचा वीट आला त्यांच्यातलीच आपण एक, हे तिला कळलं आणि तिने नळ सोडून चूळ भरली.

तेवढ्यात नणंद आत डोकावली. रडून डोळे लाल, पण कान टवकारलेले. दबक्या आवाजात तिने मोठीला विचारलं, "काय म्हणत होती हो धाकटी? डोळे का ओले तिचे?"

धाकटी दोरीपाशी पाठमोरी उभी होती. तिची मान ताठ झाली.

"सुटले म्हणत होती," मोठी म्हणाली. "बाबा."

नणंदेने मान हलवली, सुटले बिचारे म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली. धाकटीने मागे वळून पाहिलं नाही. ओट्यावरचा चहा निवला होता, तो तिने मोरीत ओतला. सोमवारी दोघी कामावर गेल्या, चादरी आल्या होत्या.

"धर," मोठी म्हणाली, आणि धाकटीने धरली.